एका फुटाला एक इंच

दिल्लीत व्हाइसरॉयचा प्रासाद उभा राहत होता, त्याच सुमारास त्याचे स्थपती एडविन लटियन्स यांनी राणी मेरीसाठी बाहुलीघराचा नकाशा आखला. १९२१ ते १९२४ या वर्षांत ते घडले. रूप जुन्या इंग्रजी हवेलीचे. प्रमाण एका फुटाला एक इंच. हा पोरखेळ नव्हता. नळांना पाणी, दिव्यांना वीज, जिन्याशेजारी चालती लिफ्ट! सुमारे १,५०० कलावंत व कारागीर त्यासाठी राबले.

बाहेरच्या भिंती वर उचलल्या, की दिवाणखान्याबरोबर स्वयंपाकघर आणि दासींच्या खोल्याही दिसतात. राजघराण्यांच्या इतिहासात या खोल्यांना क्वचितच पान मिळते. पण घर नकाशाबरहुकूम बांधायचे, तर त्या वगळून कसे चालेल? विंडसरच्या किल्ल्यात ते घर आजही उभे आहे. बखरकार भिडेखातर गप्प बसेल. मोजपट्टी बसत नाही. राणीचा महाल मोठा तो मोठाच, आणि दासीची खोली लहान ती लहानच.