तार बदलली, गच्ची तीच

लोकांना वाटतं, केबलवाल्याची तार घरात होतीच, त्याच तारेतून इंटरनेट आलं. आमच्या नाशकातल्या सिडकोत तसं झालं नाही. तार टाकून द्यावी लागली. कामाला आल्या त्या गच्च्या.

झी टीव्ही ऑक्टोबर १९९२मध्ये सुरू झाला आणि नाशकात लाइनमनला भाव आला. मी त्याच लाटेतला. डिशखालच्या कंट्रोल रूममधून काळी कोॲक्सिअल निघायची, वाटेत सिग्नल मंदावला की अँप्लिफायर, मग स्प्लिटर, मग घर. सिडकोची घरं एकमेकांना चिकटून, त्यामुळे गच्च्यांवरूनच, खाली न उतरता गल्लीच्या टोकापर्यंत जाता यायचं. जुन्या नाशकातल्या कौलारू वाड्यांत मात्र भिंतीला खिळे ठोकतच पुढं सरकायचं. १९९५चा केबल टीव्हीचा कायदा आल्यावर केबलच्या मालकांना नोंदणी करावी लागली, तीही चक्क मुख्य पोस्टात!

१९९८ला खासगी कंपन्यांना इंटरनेट खुलं झालं. केबल मोडेमची चर्चा आमच्यापर्यंतही आली. पण आमचे अँप्लिफायर एकतर्फी. चित्र घराकडे जायचं. घराकडून परत काही यायची सोयच नव्हती. परतीची वाट खालच्या फ्रीक्वेन्सीवर असते आणि नेमका तिथंच सगळा गोंगाट. एका घरातला सैल कनेक्टर साऱ्या गल्लीचं नेट बिघडवणार. दर महिन्याला दीडशे-दोनशे रुपये देणाऱ्या गिऱ्हाइकांच्या जोरावर एवढी लाइन नव्यानं कोण बांधणार?

म्हणून इंटरनेटसाठी वेगळी तार आली, कॅट-फाइव्ह. ती शंभर मीटरच्या पुढं चालत नाही, म्हणून दर काही इमारतींनंतर गच्चीवर पत्र्याच्या पेटीत स्विच. त्याला वीज कुणाच्या तरी घरातून. बदल्यात त्यांचं केबलचं बिल माफ. हा व्यवहार कुठल्याच कागदावर नसायचा. भारनियमनाच्या काळात मधल्या घराची लाइट गेली की पुढच्या सगळ्यांचं नेट बंद, आणि शिव्या मला. पावसाळ्यात वीज कडाडली की दुसऱ्या दिवशी जळलेले स्विच पिशवीत भरून आणायचो.

फायबरनं ही पेटी घालवली. कंट्रोल रूमपासून घरापर्यंत मध्ये वीज लागत नाही. काचेचा एकच धागा स्प्लिटरनं कित्येक घरांत वाटता येतो. त्याआधी ३१ मार्च २०१३च्या मुदतीनं सेट-टॉप बॉक्स सक्तीचा केला होता, तेव्हाच बरेच छोटे मालक मोठ्या कंपन्यांच्या पंखाखाली गेले. आता बिल कंपनीच्या ॲपवर भरतात. मोडेमवर लाल दिवा लागला की फोन मात्र आधी लाइनमनलाच येतो.