रक्ताची ओळख

रक्ताच्या नात्याला आपल्याकडे मोठा मान. घरातले माणूस इस्पितळात पडले की भाऊ, मेहुणे, पुतणे बाह्या सारून पुढे येतात आणि ‘माझे रक्त घ्या’ म्हणतात. त्या मायेला तोड नाही. परंतु रक्ताला नातीगोती कळत नाहीत. त्याची ओळख निराळी असते, आणि ती पटायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

माणसाच्या रक्ताचे गट असतात हे व्हिएन्नाच्या कार्ल लॅंडस्टायनर यांनी १९०१ साली दाखविले. पुढे, ‘ओ’ गटाचे रक्त कोणालाही चालते, अशी लोकांची समजूत झाली. १९३९ साली न्यूयॉर्कमधील एका घटनेचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. मृत मूल जन्मलेल्या एका बाळंतिणीला नवऱ्याचे रक्त दिले होते. दोघांचाही गट ओच, तरी तिची प्रकृती एकाएकी बिघडली. लेव्हिन आणि स्टेटसन या डॉक्टरांनी उलगडा केला तो असा: गर्भाने बापाकडून घेतलेला एक गुण आईच्या रक्ताला परका वाटला, आणि त्याविरुद्ध तिच्या शरीरात प्रतिपिंडे तयार झाली. नवऱ्याचे रक्त येताच ती त्याच्यावर तुटून पडली. गट जुळूनही आड येणाऱ्या अशा प्रतिपिंडांना ‘अनपेक्षित’ म्हणतात. गर्भारपणात किंवा पूर्वी घेतलेल्या रक्तामुळे ती निर्माण होतात आणि पुढे कित्येक वर्षे दडून राहू शकतात. १९४५ साली कूम्ब्ज व त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेल्या चाचणीने ती हुडकणे सोपे झाले.

याहून नवलाची गोष्ट आपल्या मुंबईत घडली. के. ई. एम. रुग्णालयाशी संलग्न असलेल्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. य. म. भेंडे यांना काही माणसांचे रक्त चमत्कारिक वाटले. नेहमीच्या तपासणीत ते ओ दिसे, पण ओ गटाचेच रक्त त्याच्याशी जुळत नसे. भेंडे, देशपांडे व भाटिया यांनी लंडनच्या संशोधकांच्या साहाय्याने हा शोध १९५२ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. ए, बी हे गुण ज्या ‘एच’ नावाच्या पायावर उभे असतात, तो पायाच या लोकांत नव्हता. ओ गटात हा एच भरपूर असतो, आणि यांच्या रक्तात त्याविरुद्धची प्रतिपिंडे उपजतच असतात. म्हणून यांना ओ म्हणजे विषच. जगाने या गटाला मुंबईचेच नाव दिले. मुंबईकडे तो साधारण दहा हजारांत एकाचा. युरोपात दहा लाखांत एकाचा.

नांदेड-लातूरच्या वाचकांना ही गोष्ट दूरची वाटू नये. हा गुण आई आणि वडील या दोघांकडून आला तरच प्रकट होतो. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल जुनी. नात्यातल्या लग्नात असा योग येण्याचा संभव वाढतो. मात्र असा माणूस सापडला, तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात तोच गट असण्याचा संभव चारात एक असतो. म्हणजे इथे ‘माझे रक्त घ्या’ म्हणणारा भाऊच कामी येण्याजोगा; फक्त आधी तपासून.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीची जमीन हादरली आणि सुमारे दहा हजार माणसे दगावली. अशा प्रसंगी डॉक्टरांपुढे मोठा पेच असतो. पूर्ण तपासणीला तासभर लागायचा. रोगी तेवढा थांबेलच असे नाही. तेव्हा ओ निगेटिव्ह रक्त देऊन आधी जीव धरतात आणि तपासणी पाठोपाठ चालू ठेवतात. बहुतेकांना ते चालते. ज्यांच्या रक्तात अनपेक्षित प्रतिपिंडे दडलेली असतात, त्यांना धोका असतो. तेवढ्या घाईत डॉक्टरांना वाट दाखविणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे घरच्यांनी दिलेली माहिती.

ती माहिती साधीच आहे. पूर्वी कधी रक्त घेतले होते का, त्या वेळी थंडी वाजून ताप भरला होता का, बाईची बाळंतपणे किंवा गर्भपात किती झाले, रक्तपेढीने कधी ‘जुळत नाही’ असे सांगितले होते का, हे विचारण्याची वाट न पाहता सांगावे. रक्तपेढीची चिठ्ठी रेशनकार्डाशेजारी जपून ठेवावी. सुनेची बाळंतपणे सासूला तोंडपाठ असतात. इस्पितळाच्या दारात ती सांगताना संकोच करू नये. त्या चार शब्दांवर एखाद्या घराची दिवाळी अवलंबून असते.