ओळखीच्या शब्दांचा चकवा

सोव्हिएत संघाशी १९५५ साली झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला. १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि कारखान्याभोवती सेक्टरांची वसाहत वाढली. नोकरीनिमित्त येथे आलेल्या मराठी कुटुंबांपुढे सेक्टर १० असो वा अन्य कोणताही, एक प्रश्न असतोच : घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला शाळेतील हिंदी धडा खरोखर समजतो काय?

लिपी एक आणि बरेच शब्द समान, म्हणून आपण निश्चिंत असतो. अनोळखी शब्द आला की मूल थांबते, विचारते. परंतु ओळखीचा शब्द निराळ्या अर्थाने आला, तर ते थांबतच नाही.

याचे उत्तम उदाहरण छत्तीसगढच्याच वाङ्मयेतिहासात आहे. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) हे मराठी भाषक. 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत आणले. १९०० साली पेंड्रा येथून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे मासिक सुरू केले. त्यात १९०१ मध्ये आलेली 'एक टोकरी भर मिट्टी' ही हिंदीतील आरंभीच्या लघुकथांपैकी एक मानली जाते. ती आठवीच्या 'मल्हार' या एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकातही आहे.

जमीनदाराला आपल्या वाड्याचा 'हाता', म्हणजे आवार, वाढवायचा असतो. शेजारच्या विधवेची झोपडी तो न्यायालयामार्फत बळकावतो. विधवेला आधार केवळ तिच्या 'पोती'चा. मराठी मुलाच्या कानी 'पोती' म्हणजे धान्याची. कथेत ती पाच वर्षांची नात आहे. झोपडी सुटल्यापासून नातीने अन्न सोडले आहे. जुन्या घरच्या मातीची चूल घातली तर ती जेवेल, या आशेने आजी टोपलीभर माती मागते. नात निसटली, तर आजी केवळ हजरजबाबी म्हातारी उरते. तिची माया दिसत नाही आणि जमीनदाराचा पश्चात्तापही निराधार वाटतो. एका शब्दासोबत तीन पात्रे हरवतात.

उलटही घडते. सप्रे जमीनदाराला 'श्रीमान' म्हणतात, ते धनवान या अर्थाने. हिंदी घरातील मुलाला तेथे 'महोदय' वाटण्याचा संभव आहे. मराठी मुलाला 'श्रीमंत' आठवला, तर अर्थ चटकन उलगडतो.

प्रशासनाला हा अनुभव नवा नाही. जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात हिंदी आणि मराठी या दोन्ही भाषांत कारभार चाले. १९५६ च्या पुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, तर भिलाई ज्या जिल्ह्यात आहे तो दुर्ग मध्य प्रदेशात राहिला. 'राजीनामा' म्हटले की मराठी लिपिकाला पदत्याग दिसतो. हिंदी न्यायालयीन कागदात मात्र तो वादी-प्रतिवादींची तडजोड असू शकतो. असा कागद चुकीचा वाचला गेला, तर नुकसान पक्षकाराचे होते.

म्हणून पालकांना एवढेच सुचवावेसे वाटते. धड्याखालील कठीण शब्दांची यादी पाठ करून घेणे पुरेसे नाही. हा माणूस कोण, त्याला काय हवे आहे, असे मुलाला मराठीतून विचारावे. उत्तर अडखळले, की तेथील सोपा वाटणारा शब्द पुन्हा तपासावा. घरची मराठी हिंदीच्या आड येते, या समजुतीने अनेक घरांतून ती मागे पडत आहे. सप्रे यांचे कार्य पाहता, ती सोडण्याचे काही कारण दिसत नाही.