पाण्यावर चालणारी मोटार

चाकूरच्या एका शिक्षकांनी मध्यंतरी मला विचारले, "मोटार पाण्यावर चालत नाही म्हटले, तर मुले म्हणतात, 'सर, आम्ही चालताना पाहिली.' काय सांगावे?" याच लातूर जिल्ह्याची तहान भागवायला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ती गाडी ओढणारे इंजिन अर्थातच डिझेलचे होते!

मुले खोटे बोलत नाहीत. पाहिलेले खरे असते, पण सगळे पाहिलेले नसते. १९९६ साली तमिळनाडूच्या रामर पिल्ले यांनी पाणी व वनस्पती एकत्र उकळून इंधन करून दाखवले. ते पेटतही होते. काही शास्त्रज्ञसुद्धा काही काळ चकित झाले. बारकाईने पाहणी केल्यावर उलगडा झाला तो ढवळण्याच्या दांडीत. दांडी पोकळ होती, आत इंधन होते आणि टोक मेणाने बंद केलेले होते. गरम पाण्यात मेण वितळले की 'शोध' तयार! सर्वांचे डोळे भांड्याकडे होते, दांडीकडे कोणाचेच नव्हते. तरीही पुढे 'वनौषधी पेट्रोल' म्हणून टोल्युइन, नॅफ्था यांसारख्या रसायनांचे मिश्रण विकले गेले. ते घेणाऱ्यांचे पैसे खरेच गेले. त्याबद्दल चेन्नईच्या न्यायालयाने ३ वर्षांची शिक्षा सुनावली, तीही ऑक्टोबर २०१६ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी.

१९९६ मध्येच अमेरिकेत ओहायो राज्यातील न्यायालयाने स्टॅन्ली मेयर यांना गुंतवणूकदारांचे २५,००० डॉलर परत करायला लावले. त्यांच्या पाण्यावरच्या मोटारीतील 'विशेष' घट तज्ज्ञांनी तपासला, तेव्हा ते साधे विद्युत-अपघटन निघाले.

हा जमाखर्च वर्गात मांडता येतो. १८ ग्रॅम पाणी फोडून हायड्रोजन व ऑक्सिजन वेगळे करायला सुमारे २८६ किलोज्यूल ऊर्जा लागते. तोच हायड्रोजन जाळला की तेवढीच परत मिळते, आणि इंजिन त्यातलीही बरीचशी उष्णतेच्या रूपाने वाया घालवते. पाणी म्हणजे हायड्रोजनची राख. चुलीतली राख पुन्हा पेटवायला कोणी बसत नाही.

कोणी म्हणेल, कार्बाइडवर पाणी टाकले की जळणारा वायू निघतो, गावच्या वेल्डिंगच्या दुकानात तो रोज दिसतो. खरे आहे. पण तो कार्बाइड चुना आणि कोक विजेच्या भट्टीत सुमारे २,००० अंश सेल्सिअसला तापवून केलेला असतो. ऊर्जा तिथे भरली जाते. पाणी फक्त कुलूप उघडते.

त्या शिक्षकांना मी एवढेच सुचवले की पेन्सिलीची दोन शिसे, ९ व्होल्टची बॅटरी आणि खाण्याचा सोडा घातलेले पाणी घ्या. बुडबुडे मुलांना मनसोक्त पाहू द्या. नंतर बॅटरी काढायला एखाद्या विद्यार्थ्यालाच सांगा.