गाण्यास चित्राची साथ

रॉक-वाद्यवृंदांच्या जलशांत गायकांच्या पाठीमागें प्रचंड पडदा उभारून त्यावर हलतीं चित्रें खेळविण्याचा प्रघात आतां मुंबईकरांस अपरिचित राहिलेला नाहीं. गोराईसारख्या खाडीपलीकडच्या गांवांतील तरुणही होडीनें बोरिवलीस उतरून असल्या जलशांना जातात. वडील मंडळी मात्र नाक मुरडतात. गाणें हा कानांचा विषय. तेथें डोळ्यांस मेजवानी कशाला, असा त्यांचा आक्षेप. तो कितपत टिकतो, हें आपल्याच प्रांताच्या इतिहासांत पाहूं.

सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कुडाळनजीक पिंगुळी म्हणून गांव आहे. तेथील ठाकर समाजांत चित्रकथीची परंपरा फार दिवसांपासून चालत आली असून, ती जतन करणारे परशुराम गंगावणे यांस २०२१ सालीं ‘पद्मश्री’ जाहीर झाली. पौराणिक प्रसंगांचीं कागदावर रंगविलेलीं चित्रें क्रमानें लावून त्यांची पोथी करितात. कथेकरी वाद्यांच्या साथीनें आख्यान गातो आणि एकेक चित्र पुढें ठेवीत जातो. चित्र किती वेळ राहावें, हें येथें गाणाराच ठरवितो. अशोकवनांतील सीतेच्या शोकानें श्रोत्यांचे कंठ दाटून आले, तर पान उलटण्याची घाई कोणासच नसते.

याच वृत्तीचा यांत्रिक अवतार १८९२ सालीं कल्याणास प्रकट झाला. महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं जादूच्या दिव्याचे खेळ सुरू केले व त्यांस मायावी शंबरासुरावरून ‘शांबरिक खरोलिका’ असें नांव दिलें. काचांवर हातानें रंगविलेलीं चित्रें दिव्याच्या प्रकाशानें पडद्यावर मोठीं होऊन पडत. एकाहून अधिक दिवे योजून एक चित्र विरतें न विरतें तोंच दुसरें उमटवीत. त्यामुळें आकृति हालल्याचा भास होई. निवेदन, संवाद व संगीत हीं मात्र तेथेंच, श्रोत्यांसमक्ष चालत. दिवेकऱ्याचा हात व गाणाराचा गळा यांचा मेळ तबला आणि तंबोऱ्याच्या मेळासारखाच राखावा लागे.

पुढें ७ जुलै १८९६ रोजीं मुंबईंतील वॉटसन हॉटेलांत ल्युमियेर बंधूंचीं चलच्चित्रें दाखविण्यांत आलीं, आणि ३ मे १९१३ रोजीं कोरोनेशन थिएटरांत दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें आला. मूकपटांच्या काळांत पडद्याजवळ तबला-पेटी वाजे. पण फीत एकदां फिरूं लागली म्हणजे वाजविणारानेंच तिच्यामागें धांवावयाचें. पूर्वी चित्र गाण्याची साथ करी, आतां गाणें चित्राची साथ करूं लागलें.

पश्चिमेकडे हा क्रम १९६० नंतरच्या दशकांत कांहीं काळ उलटला. सान फ्रान्सिस्को, लंडन व न्यूयॉर्क येथील जलशांत रंगीत तेल व पाणी काचेच्या उथळ भांड्यांत घेऊन तें प्रक्षेपकावर हलवीत. रंगांचे ओघ वाद्यांच्या लयीबरोबर पडद्यावर पसरत. न्यूयॉर्कचें ‘फिलमोर ईस्ट’ १९६८ सालीं उघडलें, तेव्हां तेथें जॉशुआ व्हाइट यांचा प्रकाशसंच वादकांच्या बरोबरीनें काम करी. रंग हालविणाराचे डोळे पडद्याकडे, तर कान वादकांकडे असत. कल्याणच्या दिवेकऱ्याचाच हा सातासमुद्रांपलीकडील भाऊबंद म्हणावयाचा!

यानंतर श्रोते हजारोंनीं वाढले आणि दूरच्या माणसास गायक तिळाएवढा दिसूं लागला. पडदा ही गरजच झाली. फेब्रुवारी २००७ मध्यें रॉजर वॉटर्स यांचा चित्रमय जलसा वांद्रे-कुर्ला संकुलांत झाला. १५ डिसेंबर २०१९ रोजीं ‘यू टू’ हा आयरिश वाद्यवृंद नव्या मुंबईंतील डी. वाय. पाटील क्रीडांगणावर वाजला, तेव्हां त्यामागील पडदा सुमारें २०० फूट रुंद होता व त्यावर आधींच तयार केलेले चित्रपट चालत होते. अशा अनेक मोठ्या जलशांत चित्र व सूर यांचा मेळ बसावा म्हणून ढोल वाजविणाराच्या कानांत यंत्राची टिकटिक सोडतात. तिच्यापुढें जाण्याची वा मागें रेंगाळण्याची त्यास मुभा नसते.

येथेंच आम्हांस धोका दिसतो. आमच्या संगीत नाटकांत रसिकांनीं ‘वन्समोर’ म्हणावें आणि गायकानें तें पद नव्या हरकतींनीं पुन्हां आळवावें, ही रीत होती. आधींच आंखलेलें चित्र वन्समोर जाणत नाहीं. वडिलांचा आक्षेप चित्रावर आहे. तो चुकीचा आहे, कारण चित्र हें गाण्याचें जुनें सोबती आहे. आक्षेप घ्यावयाचा तर तो चित्रानें गाण्याची लगाम हातीं घेण्यावर घ्यावा. यंत्रासही दोष देतां येत नाहीं. वादकांकडे पाहून क्षणोक्षणीं चित्र बदलण्याची सोय आजच्या संगणकांत आहे, आणि तसें करणारे कलावंतही आहेत. तेव्हां जलशास जाणाऱ्या आमच्या तरुण मित्रांनीं पडदा किती मोठा हें मोजण्यापेक्षां एवढेंच पाहावें कीं, गाणारा एखाद्या स्वरावर थांबला, तर चित्र त्याच्यासाठीं थांबतें कीं नाहीं.