आवृत्ती नियंत्रण आणि संकेतस्थळांचे कोड-प्रकाशन

संकेतस्थळाच्या कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवून तो कोड डेव्हलपमेंट, स्टेजिंग आणि प्रॉडक्शन या सर्व्हरांवर ठरलेल्या क्रमाने पोचवण्याची आणि गरज पडल्यास आधीच्या स्थितीत नेण्याची पद्धत. नोंद ठेवण्याचे काम आवृत्ती नियंत्रण प्रणाली करते. कोड सर्व्हरवर पोचवून चालू करणे म्हणजे प्रकाशन किंवा डिप्लॉयमेंट. कोणत्या सर्व्हरवर या घडीला नेमका कोणता कोड चालू आहे, हे केव्हाही निःसंदिग्धपणे सांगता येणे ही या पद्धतीची खरी कसोटी होय.

इतिहास : मार्क रॉचकिंड यांनी १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये तयार केलेली एससीसीएस ही या प्रकारची पहिली महत्त्वाची प्रणाली. त्यानंतरची वॉल्टर टिची यांची आरसीएसही एकेका फाइलचाच हिशेब ठेवी. सीव्हीएस आणि सबव्हर्जन (पहिली पूर्ण आवृत्ती २००४) यांनी संपूर्ण प्रकल्प एका मध्यवर्ती सर्व्हरवर आणला. लिनक्स कर्नलच्या विकासासाठी वापरली जाणारी बिटकीपर ही खासगी प्रणाली मोफत मिळेनाशी झाल्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट लिहिले. गिटमध्ये प्रत्येक विकासकाकडे साऱ्या इतिहासाची पूर्ण प्रत असते. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळामुळे गिटचा प्रसार झपाट्याने झाला.

सर्व्हरांची रचना : डेव्हलपमेंट सर्व्हरवर किंवा स्वतःच्या संगणकावर विकासक बदल करतो. स्टेजिंग सर्व्हर प्रॉडक्शनशी शक्य तितका मिळताजुळता ठेवतात. तेथे चाचणी होते. प्रॉडक्शनवर प्रत्यक्ष वापरकर्ते येतात. या तिन्ही ठिकाणी कोड एकाच रेपॉझिटरीतून, म्हणजे कोड व त्याचा इतिहास साठवणाऱ्या भांडारातून, यावा लागतो. एफटीपीने थेट प्रॉडक्शनवरील फाइल बदलली, तर तो बदल इतिहासात उमटत नाही आणि पुढच्या प्रकाशनात बेमालूम पुसला जातो. म्हणून घाईची दुरुस्तीही आधी रेपॉझिटरीत आणि मग सर्व्हरवर, हा क्रम मोडू नये.

ब्रँच आणि टॅग : बदलांचा एक संच म्हणजे कमिट. गिटमध्ये त्याची ओळख त्यातील मजकूर व आधीचे कमिट यांवरून काढलेल्या, सामान्यतः ४० षोडशमान अंकांच्या संख्येने ठरते; त्यामुळे दोन सर्व्हरांवरचा कोड एकच आहे का, हे क्षणात पडताळता येते. नवे काम स्वतंत्र ब्रँचवर (शाखेवर) करून, सहकाऱ्याने तपासल्यावर ते मुख्य ब्रँचमध्ये मर्ज (विलीन) करतात आणि प्रकाशित करायच्या कमिटला टॅग, म्हणजे नावाची खूण, लावतात. व्हिन्सेंट ड्रीसन यांनी २०१० मध्ये मांडलेली गिट-फ्लो ही अनेक ब्रँचांची रचना लोकप्रिय झाली. मात्र सतत प्रकाशित होणाऱ्या वेब-ॲप्लिकेशनांनी अधिक साधी रचना वापरावी, असे त्यांनीच २०२० मध्ये सुचवले.

प्रकाशनाची प्रक्रिया : कॅपिस्ट्रानोसारख्या साधनांनी रूढ केलेल्या रीतीत प्रत्येक प्रकाशन सर्व्हरवर वेगळ्या फोल्डरमध्ये उतरते आणि चालू फोल्डरकडे बोट दाखवणारी सिम्लिंक शेवटी नव्याकडे वळवतात. जुना फोल्डर शाबूत असल्याने रोलबॅक, म्हणजे आधीच्या स्थितीत परत जाणे, काही क्षणांत होते. डेटाबेस मात्र असा मागे नेता येत नाही. त्यातील रचनाबदल मायग्रेशनच्या फाइलींत लिहून कोडबरोबरच रेपॉझिटरीत ठेवतात आणि जुना व नवा असे दोन्ही कोड चालतील अशा टप्प्यांनी करतात. पासवर्ड व गुप्त किल्ल्या रेपॉझिटरीत कधीच ठेवू नयेत; त्या नंतर पुसल्या तरी इतिहासात राहतात. त्या प्रत्येक सर्व्हरच्या स्वतंत्र कॉन्फिगरेशनमध्ये असाव्यात. गिटचा इतिहास साठवणारा सर्व्हरवरील ‘.git’ फोल्डर ब्राउझरमधून उघडता येऊ नये, हीदेखील आवश्यक दक्षता आहे.

अपुऱ्या प्रकाशनाचे परिणाम : संकेतस्थळांबाहेरचे, परंतु याच प्रश्नाचे ठळक उदाहरण म्हणजे नाइट कॅपिटल ही अमेरिकी शेअर व्यवहार कंपनी. तिचा नवा कोड आठांपैकी एका सर्व्हरवर चढवायचा राहून गेला आणि दुसऱ्या कोणी ते तपासले नाही. त्या सर्व्हरवर वापरातून गेलेला जुना कोड अजून होता आणि तो चालू करणारी खूणच नव्या सुविधेसाठी पुन्हा वापरली होती. तो जुना कोड चालू होऊन १ ऑगस्ट २०१२ रोजी सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. गोंधळात उरलेल्या सात सर्व्हरांवरील नवा, योग्य कोड काढून टाकल्याने संकट आणखी वाढले. काय कोठे चालू आहे हे ठाऊक नसताना केलेला रोलबॅकही घातक ठरतो, हा या घटनेचा धडा आहे.

व्यवहार : या कारणांमुळे प्रकाशन हाताने न करता स्क्रिप्टने करणे, प्रत्येक सर्व्हरवरील कमिट-क्रमांक शेवटी आपोआप ताडून पाहणे आणि लहान बदल वारंवार प्रकाशित करणे हे इष्ट मानले जाते. लहान बदलात दोष शोधणे सोपे जाते. गिट मोफत व मुक्तस्रोत असल्याने ही शिस्त केवळ मोठ्या कंपन्यांची मिरास नाही. एकाच सर्व्हरवर शाळेचे किंवा ग्रंथालयाचे संकेतस्थळ चालवणाऱ्यानेही ती पहिल्या दिवसापासून पाळावी. पुढे काम दुसऱ्याच्या हाती गेले, तरी प्रत्येक बदल कोणी, केव्हा आणि कशासाठी केला, हे त्याला नोंदींतूनच कळते.