हजेरी आठ शहरांची

16 मे 1916 च्या रात्री अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सचे अध्यक्ष जॉन कार्टी यांनी न्यूयॉर्कमध्ये सभा सुरू केली, तेव्हा सभासद एका गावात नव्हते. न्यूयॉर्कसह अटलांटा, बोस्टन, शिकागो, डेन्व्हर, फिलाडेल्फिया, सॉल्ट लेक सिटी आणि सॅन फ्रान्सिस्को अशा आठ शहरांतल्या सभागृहांत मिळून पाच हजारांहून अधिक अभियंते टेलिफोनचे रिसिव्हर कानाला लावून बसले होते. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत टेलिफोनची तार सुरू होऊन जेमतेम सव्वा वर्ष झालं होतं.

तंत्राचं कौतुक होणारच होतं. कार्टी स्वतः एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचे मुख्य अभियंता होते. पण त्या रात्रीची खरी कमाल कामकाजाच्या पद्धतीत होती. आधी शहरांची हजेरी झाली. एकेका शहराचं नाव पुकारलं गेलं आणि तिथल्या प्रमुखाने ओ दिली. मधल्या काही वेळात प्रत्येक शहराने आपापला स्थानिक कार्यक्रम केला आणि मग सगळे पुन्हा तारेवर आले. मंचाजवळ बसलेल्याला आणि हजारो मैलांवरच्या माणसाला सभा एकाच रिसिव्हरमधून ऐकू येत होती. आज अर्धी माणसं कार्यालयात आणि अर्धी घरी बसून बैठक करताना नेमकी हीच बरोबरी हातून निसटते.

ती निसटण्यामागचं कारण लंडनमध्ये शोधलं गेलं. 1971 मध्ये ब्रिटिश पोस्ट ऑफिसने कॉन्फ्राव्हिजन सुरू केलं. मोठ्या शहरांतल्या स्टुडिओंत जाऊन दोन गटांनी पडद्यावर एकमेकांना पाहत बैठक घ्यायची, अशी ती सोय होती. त्याच दशकात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधला एक अभ्यासगट दूरसंवादाच्या परिणामांवर प्रयोग करत होता. त्यातल्या एडरिन विल्यम्स यांनी 1975 मध्ये दाखवून दिलं, की दोन माणसं तारेच्या या टोकाला आणि दोन त्या टोकाला बसवली, तर माणूस आपल्याच टोकाच्या सोबत्याच्या सूचनेला अधिक पाठिंबा देतो. इथे ना भांडण होतं, ना कुणाच्या मनात आकस. खोली वेगळी असणं एवढंच तट पडायला पुरेसं ठरत होतं.

पुढे 2004 मध्ये नेथन बॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी थोड्या वेगळ्या मांडणीचा प्रयोग केला. काही जण एका खोलीत आणि बाकीचे एकेकटे दूर. खोलीतल्यांचा आपोआप एक कंपू झाला. घरून काम करणाऱ्या कितीतरी जणांना हे प्रयोगाशिवायच ठाऊक आहे. बैठक संपते, पडदा काळा होतो आणि खरा निर्णय नंतर चहाच्या टपरीवर होतो.

या दुखण्यावरचा सर्वांत देखणा इलाज टोरांटोमध्ये निघाला. नव्वदीच्या सुरुवातीला तिथल्या विद्यापीठात बिल बक्स्टन आणि अॅबिगेल सेलेन यांनी हायड्रा नावाची रचना उभी केली. दूरच्या सगळ्यांना एका पडद्याच्या चौकटींत कोंबण्याऐवजी प्रत्येकासाठी एक छोटा संच करायचा. संचाला स्वतःचा पडदा, स्वतःचा कॅमेरा, माइक आणि स्पीकर. आणि तो टेबलावर त्या माणसाने जिथे बसायचं त्याच जागी ठेवायचा. मग आवाज त्या माणसाच्या दिशेने येई. कोण कोणाकडे वळून पाहतंय ते कळे. एका संचाकडे झुकून हळूच दोन शब्द बोलताही येत. सेलेन यांच्या मोजमापात बोलण्याच्या पाळ्यांमध्ये फार फरक दिसला नाही, पण कुजबुज शक्य झाली. ही गोष्ट किरकोळ नाही. बैठकीतलं अर्धं मत शेजाऱ्याशी बोलूनच तयार होतं, आणि दूरच्या माणसाला शेजारीच नसतो. 2010 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी हीच कल्पना चाकांच्या गाडीवर नेली. एका दूरस्थ सहकाऱ्यासाठी एक पडदा आणि एक कॅमेरा, थेट त्याच्या गटात.

असे संच प्रत्येक कार्यालयाला परवडणारे नव्हते. नियम मात्र फुकट होते. गिटलॅब या पूर्णपणे दूरस्थ कंपनीने आपल्या हस्तपुस्तिकेत लिहून ठेवलं, की काही जण एका खोलीत असले तरी प्रत्येकाने आपापल्या कॅमेऱ्यावरूनच सामील व्हावं. 2020 च्या टाळेबंदीने हे साऱ्या जगाला जबरदस्तीने करायला लावलं. साहेब आणि शिकाऊ उमेदवार सारख्याच चौकटीत आले. कार्यालयं उघडली आणि काही जण पुन्हा मोठ्या टेबलाभोवती बसले, तशी ती समानता विरली. ती कोणी ठरवून आणलेली नव्हती, म्हणून कोणी राखलीही नाही.

भारतात दुरून हजर राहण्याच्या प्रश्नाकडे कायद्याने लक्ष दिलं. 1 एप्रिल 2003 रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने नोंदवायला मान्यता दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती आधी नाकारली होती. नंतर 2013 च्या कंपनी कायद्याने संचालकांना दुरून बैठकीत बसण्याचा हक्क दिला आणि 2014 च्या नियमांनी त्याची रीत घालून दिली. आरंभी हजेरी घ्यायची. प्रत्येकाने आपलं नाव आणि आपण कुठून सहभागी आहोत ते सांगायचं. बोलण्यापूर्वी पुन्हा ओळख द्यायची. कोणाचं बोलणं मध्येच तुटलं किंवा अस्पष्ट आलं, तर ते पुन्हा सांगण्याची विनंती अध्यक्षांनी किंवा कंपनी सचिवांनी करायची. दूरच्या माणसावर ‘माझा आवाज येतोय का?’ असं विचारत बसण्याची पाळी येऊ नये, ही जबाबदारी इथे सभा चालवणाऱ्यावर टाकलेली आहे. संचालक मंडळासाठी ती बंधनकारक आहे. सोमवारच्या साध्या आढावा बैठकीत ती स्वीकारायला कोणत्याही कार्यालयाला ना यंत्र लागतं, ना खर्च.